निदानपरिवर्जन आणि रुग्णाचे अंथरूण

शारदीय नवरात्र सरते, अंबादेवी-एकवीरादेवीच्या दर्शनाची गर्दी ओसरते आणि राजापेठेतील आमच्या चिकित्सालयात एका ठरावीक प्रकारच्या रुग्णांची रांग लागते. पहाटे उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, टाळूला व डोळ्यांना खाज. ऊन वर आले की रुग्ण जवळजवळ बरा. काहींना रात्री दोन-तीनच्या सुमारास छातीत घुरघुर सुरू होते आणि उठून बसल्याशिवाय श्वास मोकळा होत नाही. पहिल्यांस आपण प्रतिश्याय म्हणतो, दुसऱ्यांस तमक श्वास. सितोपलादी, हरिद्राखंड, वासावलेह, अणुतैलाचे नस्य अशी योजना होते. आणि रुग्ण उठता उठता, ‘डॉक्टर, हे दर वर्षीच का होते?’ असे विचारतो, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एक वाक्य सहज निघून जाते : ‘तुमची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे.’

हे वाक्य आम्हीही अनेक वर्षे उच्चारले आहे. आज ते चूक आहे असे आमचे मत आहे, आणि या चुकीची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२० च्या साथीत आयुष मंत्रालयाच्या सूचनांमध्ये च्यवनप्राश आणि हळदीचे दूध आले, आणि त्यानंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. सर्वसामान्य निरोगी माणसाच्या बलवर्धनासाठी ती योजना होती. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु शिंकणारे पोर, शीतपित्ताने खाजवणारी गृहिणी आणि दम्याचा कारकून या सर्वांना एकाच बरणीतील ‘बूस्टर’ देण्याची जी प्रथा पुढे पडली, तिला शास्त्राधार नाही. अ‍ॅलर्जीच्या रुग्णाची प्रतिकारयंत्रणा दुबळी नसते. ती जागी असते, तत्पर असते. फक्त निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून तिच्यावर तुटून पडते. घरातल्या कुत्र्याने दरोडेखोराऐवजी दूधवाल्याला चावावे, तसा हा प्रकार. अशा कुत्र्याला अधिक खुराक घालून काय साधणार? आपल्या शास्त्रातही व्याधिक्षमत्वाचा विचार असा ढोबळ नाही. चक्रपाणीने त्याचे दोन अर्थ केले : उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध, आणि व्याधीच्या उत्पत्तीला प्रतिबंध. केवळ ‘जास्त’ आणि ‘कमी’ एवढ्या मापाने तो मोजता येत नाही.

हा शत्रू कोण, हे शोधण्यास आधुनिक वैद्यकालाही वेळ लागला. १९२१-२२ च्या सुमारास अमेरिकेत कर्न आणि कूक यांनी दम्याच्या रुग्णांच्या त्वचेवर त्यांच्याच घरातील धुळीचा अर्क टोचून प्रतिक्रिया दाखविली. परंतु धुळीतले नेमके काय, हे ठाऊक नव्हते. १९६४ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे वोरहोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म जीवाकडे बोट दाखविले. त्याला माइट म्हणतात. आठ पायांचा, म्हणजे किड्यांच्या नव्हे तर कोळी-विंचवाच्या कुळातला. लांबी सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना जवळजवळ अदृश्य. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून गळणारा त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न. त्याला पाणी प्यावे लागत नाही. हवेतील ओलावा तो शरीरातून शोषून घेतो. अन्न आणि ओल दोन्ही रोज रात्री सात-आठ तास ज्या ठिकाणी आयती मिळतात, ती जागा म्हणजे आपली गादी व उशी. कोलकाता आणि बंगळूर येथील घरांच्या धुळीतही हे जीव सापडले आहेत. तेव्हा हा थंड देशांचा आजार म्हणून सोडून देता येत नाही.

१९८१ मध्ये टोव्ही, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी दाखविले, की मुख्य उपद्रव माइटच्या देहापेक्षा त्याच्या विष्ठेचा आहे. विष्ठेची एकेक गोळी दहा ते चाळीस मायक्रॉनची, साधारण परागकणाएवढी. तीत माइटच्या आतड्यातील पाचक विकर असते. त्याला डर पी १ असे नाव आहे. ओलसर श्लेष्मल त्वचेवर ही गोळी पडली की ते विकर पाझरते आणि पेशी-पेशींमधील सांधे अक्षरशः पचवून सैल करते. भिंतीला अशी चीर पडल्यावर पेशी धोक्याचे संदेश सोडतात. डर पी २ हे दुसरे प्रथिन तर आणखी लबाड : जिवाणू ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर जी ग्राही असते, तिच्या एका साहाय्यक प्रथिनाचे ते सोंग घेते, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. मग प्रकृतीत तशी प्रवृत्ती असलेल्या माणसात आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तयार होते. (हे प्रतिद्रव्य १९६६-६७ मध्ये इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन-बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधले.) ते आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसते, आणि पुढच्या वेळी तीच विष्ठा नाकात गेली की त्या पेशी क्षणार्धात फुटून हिस्टामीन ओततात. ही झाली पहाटेची शिंक. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते; तीत इओसिनोफिल पेशी श्वासनलिकेत गोळा होतात, सूज येते, कफ चिकट होतो. रात्री दहाला अंथरुणावर पाठ टेकलेल्या रुग्णाला दोन-तीन वाजता उठून बसावे लागते, त्यात या दुसऱ्या लाटेचाही वाटा आहे. कफकाळ, शीतकाळ हे आपले विवेचन खोटे नाही, पण या गणितात अंथरुणात शिरण्याची वेळही धरावी लागते.

एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. या गोळ्या जड असतात; हवेत तरंगत राहत नाहीत, हलविल्यावर उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. म्हणून या रुग्णाचे निदान रस्त्यावरच्या धुळीत शोधून सापडत नाही. बडनेरा रोडवरची धूळ त्रास देते, हे खरे. परंतु जो रुग्ण रस्त्यावर बरा असतो आणि घरी उशीवर डोके ठेवल्यावर बिघडतो, त्याची कथा वेगळी आहे.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे होता. कृश, डोळ्यांखाली काळसर, सतत नाक चोळणारा. दोन वर्षे आम्ही त्याला औषधे दिली. मात्रा बदलल्या, कल्प बदलले, आहारातून दही, केळी, थंड पाणी सर्व काही काढले. त्या बिचाऱ्याने आईस्क्रीम सोडले, वाढदिवसाचा केक सोडला. बल वाढावे म्हणून रसायने दिली. आराम पडे, पुन्हा दमा उठे. एकदा त्याच्या आजीला ज्वर आला म्हणून घरी जाण्याचा योग आला. मुलाची झोपण्याची जागा आजीच्या शेजारी, दिवाणावर. दिवाणावर एकावर एक तीन गाद्या, खालची आजीच्या लग्नातली, असे त्या माउलीने अभिमानाने सांगितले. दिवाणाच्या पोटात जुन्या रजया, बोचकी, आणि वर्षाच्या तुरीचे एक पोते. खिडकीत कूलर, त्याची हवा थेट गादीवर. स्वयंपाकघराच्या दाराशी भरदिवसा दोन झुरळे. आम्ही त्या खोलीत दहा मिनिटे बसलो आणि स्वतःलाच दोन शिंका आल्या. दोन वर्षांत आम्ही त्या मुलाला दह्याविषयी किमान पन्नास वेळा विचारले असेल. अंथरुणाविषयी एकदाही नाही.

घरी येऊन चरक उघडला. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमाराच्या शयनाविषयी जे सांगितले आहे, ते आपण सर्वांनी पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. बालकाचे अंथरूण-पांघरूण मृदू, हलके, शुचि, सुगंधी असावे. घाम, मळ आणि जंतू यांनी युक्त असलेले टाकून द्यावे. दुसरे मिळण्यासारखे नसेल तर तेच नीट धुऊन, धूपवून, स्वच्छ व कोरडे करून वापरावे. घाम, मळ आणि जंतू ही तीन नावे एकत्र आली आहेत, हे पाहून आम्ही थक्क झालो. माइटच्या वसाहतीला लागणारी सामग्री याहून नेमकी सांगता येणार नाही. चिकित्सास्थानात हिक्का-श्वासाच्या कारणांत रज म्हणजे धूळ आहे, धूम आहे, शीत स्थान आहे. प्रतिश्यायाच्या कारणांतही रज आहेच. सुश्रुताने कल्पस्थानात जंगम विषाची जी सोळा अधिष्ठाने मोजली, त्यांत दंष्ट्रा आणि नख यांच्याबरोबर पुरीष, लाला, शूक आणि शवसुद्धा आहे. प्राण्याने चावावेच लागते असे नाही, त्याची विष्ठा व प्रेतही बाधते, हा विचार तेथे आहे.

परंतु याच ठिकाणी आम्ही वाचकांना हात जोडून विनंती करतो. ‘सुश्रुताला माइट ठाऊक होता’ अशी वाक्ये आपल्या संमेलनांत टाळ्या मिळवतात. ती आपण बोलू नयेत. चरकाच्या मनातील जंतू बहुधा उवा, ढेकूण, लिखा असतील. सूक्ष्मदर्शकाशिवाय माइट दिसत नाही आणि संहिताकारांनी तसा दावाही केलेला नाही. आयजीई म्हणजे अमुक दोष, मास्ट पेशी म्हणजे तमुक धातू अशी जोडणी करण्याचा मोहही आवरावा. संहितेचे मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे : कारण दिसत नसतानाही रुग्णाचे अंथरूण हा चिकित्सेचा विषय आहे, हे तिने ओळखले. आम्हाला सूक्ष्मदर्शकाने कारण दाखविले, तरी आम्ही अंथरुणाकडे पाहत नाही.

आपल्या वऱ्हाडात ही उपेक्षा विशेष खटकते, कारण निसर्गाने आपल्याला औषध फुकट दिले होते. हवेतील आर्द्रता सतत पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर प्रौढ माइट काही दिवसांत सुकून मरतात. अमरावती-अकोल्याच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारची आर्द्रता अनेकदा पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते. स्वित्झर्लंडमधील दाव्होस हे सुमारे १५६० मीटर उंचीवरचे गाव. तेथील कोरड्या हवेत माइट फारसे जगत नाहीत आणि दम्याची मुले तेथे सुधारतात, म्हणून युरोपातून लोक त्यांना तेथे नेत. आपल्याकडे नवतपा दारात चालून येतो. (चिखलदऱ्यास हवापालट सुचविणाऱ्या मित्रांनी ऋतू पाहून सुचवावे, पावसाळ्यातील तेथील धुके आणि गेस्टहाउसच्या ओलसर गाद्या या रुग्णाला मानवणार नाहीत.)

पूर्वीची घरव्यवस्था या उन्हाचा उपयोग करून घेत असे. उन्हाळ्यात माणसे गच्चीवर किंवा अंगणात बाजेवर झोपत. बाज उन्हात टाकून आपटली जाई. वैशाखात गाद्या गच्चीवर पडत. पिंजारी दारावर येई. त्याच्या तारेचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू येई. गादी उसवून, कापूस मोकळा पिंजून, खोळ धुऊन पुन्हा भरली जाई. कापसाच्या मुलखात हे कोणास शिकवावे लागत नव्हते. आज बाज गेली, दिवाण आला. दिवाण हलत नाही, त्याच्या पोटात काय आहे ते दिवाळीलाच कळते. गच्ची गेली, फ्लॅट आला. पिंजारी क्वचित दिसतो. गादी फोमची झाली म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की माइट फोममध्येही सुखाने राहतो.

आणि कूलर. वऱ्हाडात कूलरविरुद्ध बोलणे म्हणजे देवाविरुद्ध बोलणे. आम्हीही त्याच्याशिवाय उन्हाळा काढू शकत नाही. पण कूलर करतो काय? बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून खोलीत दमट करून सोडतो. दिवसातून काही तास अशी दमट हवा मिळाली तरी माइट तग धरतो. ज्या ऋतूने त्याचा संहार करायचा, त्याच ऋतूत आपण त्याला छावणी घालून देतो. शिवाय टाकीत आठवडेच्या आठवडे साचलेले पाणी आणि ताट्यांवरची बुरशी हा वेगळा विषय आहे. आमचे सांगणे इतकेच, की कूलरला समोरची खिडकी उघडी हवी, त्याचा झोत गादीवर नको, ताट्या दर वर्षी नव्या हव्यात, आणि दिवसभरात गादीला काही तास कोरडी, तापलेली हवा मिळाली पाहिजे.

धूपनाविषयी दोन शब्द, कारण आपल्यातील अनेकांचा तो आवडता सल्ला आहे. गुग्गुळ, कडुनिंब, वेखंड, मोहरी यांची धुरी आम्हीही सांगत आलो. परंतु चरकाच्या त्या स्थळी धूपन सांगितले आहे ते वस्त्रांचे, शयनाचे; तेही धुतल्यानंतर. तमक श्वासाचा रुग्ण खोलीत बसवून दारे-खिडक्या लावून धुरी देणे म्हणजे ज्या संहितेने धूमाला श्वासाचे कारण म्हटले, तिच्याच नावावर रुग्णाला धूर पाजणे होय. मच्छरांच्या कॉइललाही हाच न्याय लावावा. दुसरे असे, की धुरीने वा फवाऱ्याने जीव मेला तरी त्याची विष्ठा गादीतच राहते आणि अ‍ॅलर्जी तिचीच आहे. मारण्याइतकेच काढून टाकणेही आवश्यक आहे. चादरी-खोळी पंचावन्न ते साठ अंशांच्या पाण्यात धुतल्या तर माइट मरतात आणि विष्ठा वाहून जाते. साध्या पाण्याने विष्ठा बरीच जाते, पण माइट राहतात. कडक उन्हाने मरतात, मात्र उन्हात टाकलेली गादी नंतर झटकावी लागते, आणि तेव्हा रुग्ण त्या गच्चीवर नसावा. पिंजारी सापडलाच तर पिंजण चालू असताना मुलाला मामाकडे पाठवावे.

झुरळाचे प्रकरण याहून कमी ऐकिवात आहे आणि आमच्या मते शहरी वस्तीत तितकेच महत्त्वाचे आहे. झुरळाची विष्ठा, लाळ, कात आणि मेल्यावर होणारा चुरा, सर्वांतून अ‍ॅलर्जी होते. १९९७ मध्ये अमेरिकेतील दाट वस्तीच्या शहरी भागांतील दम्याच्या ४७६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळाची अ‍ॅलर्जी निघाली. आणि ज्यांना ती अ‍ॅलर्जी होती व ज्यांच्या खोलीतही झुरळांचा अंश भरपूर होता, त्यांना रुग्णालयात भरती होण्याची वेळ इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा आली. आपल्या गांधी चौक-इतवारा भागातील जुन्या वाड्यांची, सामायिक मोऱ्यांची आणि उघड्या गटारांची आठवण ज्याला आहे, त्याला अधिक सांगायला नको. फवारा मारून खोली वासाने भरून टाकण्यापेक्षा रात्री ओटा कोरडा ठेवणे, खरकटे झाकणे, मोरीला जाळी, भिंतीच्या भेगा बुजविणे आणि कोपऱ्यांत जेलचे ठिपके हे दम्याच्या घरात अधिक योग्य.

साठवणीच्या धान्याकडेही पाहावे. वर्षाची ज्वारी-तूर भरून ठेवणारी घरे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांत पोरकिडा होतो, तसेच धान्यातले वेगळे माइटही होतात. धान्य पाखडताना एखाद्या बाईला दम लागत असेल तर ती ‘कामाची कुरकुर’ समजू नये. दमट जागी फार दिवस उघडे राहिलेले मैदा-बेसन माइटने भरते आणि असे पीठ शिजवून खाल्ल्यावरही तीव्र प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ‘झिंगे खाल्ले की अंगावर गांधी उठतात’ असे सांगणाऱ्या रुग्णाला आपण विरुद्धाहार, पित्त, उष्ण पदार्थ असे सांगून मोकळे होतो. झिंगा, झुरळ आणि माइट यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे जवळजवळ सारखे प्रथिन असते. एकाची अ‍ॅलर्जी झालेल्या काहींना दुसऱ्याचीही होते. अशा रुग्णाला सकाळच्या शिंकांविषयी विचारून पाहावे.

आता विरुद्ध पक्ष. अंथरूण बदलून दमा जातो काय? एवढे सोपे असते तर हा लेख दोन ओळींत संपला असता. २००३ मध्ये इंग्लंडमधील दम्याच्या ११२२ प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीत गादी-उशीला केवळ माइटरोधक खोळी घालून काहीही लाभ दिसला नाही. महागड्या खोळी विकणाऱ्यांनी हे सांगावे अशी अपेक्षा नाही, पण आपण सांगितले पाहिजे. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेतील सात शहरांतील ९३७ मुलांवरचा अभ्यास आला. त्यात घरी जाऊन, त्या मुलाला नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे ते पाहून, अंथरूण, झुरळे, धूर अशा अनेक गोष्टींवर एकदम काम केले होते. त्या मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले आणि हा फरक वर्षभराने उपक्रम थांबल्यावरही टिकला. एकच खोळ निरुपयोगी आणि समग्र योजना उपयोगी, हा निष्कर्ष आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला नवा वाटू नये.

आणखी एक आक्षेप आमचे खेड्यातील मित्र घेतात : ‘आमची पोरे गोठ्यात वाढली, त्यांना कुठे अ‍ॅलर्जी?’ यातही तथ्य आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतील मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश, आहार, राहणी सारखी. फरक एवढाच, की आमिश अजून जुन्या पद्धतीची, गुरांची शेती करतात आणि हटराइटांची शेती यंत्रांची. दम्याचे प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी पटींनी अधिक होते. गोठ्याची धूळ बालपणी प्रतिकारयंत्रणेला शहाणपण शिकवते, असे दिसते. म्हणून आम्ही निरोगी तान्ह्या बाळाच्या आईला घर फिनाइलने धुऊन काढायला सांगत नाही. परंतु ज्याला दमा जडला आहे, त्याला आजीच्या लग्नातील गादी काही शिकवत नाही.

आमचे औषधालय-चालक बांधव हा अंक वाचतात, म्हणून त्यांच्याशी स्पष्ट बोलतो. ‘अ‍ॅलर्जीवर काही द्या’ म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला बूस्टरची बरणी देणे सोपे आहे आणि महिन्याच्या हिशेबात ते दिसते. पण ते गिऱ्हाईक तीन महिन्यांनी ‘आयुर्वेदाने काही फरक पडत नाही’ असे म्हणत निघून जाते. तो तोटा हिशेबात दिसत नाही. त्याहून गंभीर म्हणजे ‘दम्याची खात्रीची पुडी’. दोन दिवसांत दमा थांबविणाऱ्या, नाव-घटक नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा. असा माल दुकानात ठेवणे हा रुग्णाशी आणि शास्त्राशी द्रोह आहे. आणि श्वासाचा झटका आलेल्या, बोलता वाक्य तुटणाऱ्या, ओठ निळे पडलेल्या रुग्णाला चूर्ण देऊन घरी पाठवू नये. त्याची जागा रुग्णालयात आहे. चालू असलेला इन्हेलर ‘उष्ण पडतो’, ‘सवय लागते’ म्हणून आपल्या सांगण्यावरून कोणी बंद करू नये. तमक श्वासाला संहितेने याप्य म्हटले आहे; याप्य व्याधीत आधार काढून घ्यायचा नसतो.

आमच्या केसपेपरवर आता आहार-विहारानंतर एक रकाना आहे, ‘शयन’. गादी कशाची, किती वर्षांची. उन्हात शेवटची केव्हा पडली. उशीची खोळ किती दिवसांनी धुतात. कूलरचा झोत कोठे. पलंगाखाली किंवा दिवाणात काय. घरात झुरळे दिसतात का. घराबाहेर, दुसऱ्या गावी त्रास कमी होतो का. पहिल्या भेटीत यास पाच मिनिटे अधिक लागतात आणि बाहेर बसलेले रुग्ण कुरकुरतात. शक्य असेल तेथे आम्ही त्वचेवरील चाचणीसाठी अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे पाठवितो. चाचणी सकारात्मक येणे म्हणजेच रोग नव्हे, लक्षणांशी तिचा मेळ बसला पाहिजे, हेही रुग्णाला सांगतो. औषधे चालूच राहतात. अग्नी, कोष्ठ, नस्य, ऋतुशोधन यांचे महत्त्व कमी झालेले नाही; उलट निदान दूर झाल्यावर त्यांना काम करायला वाव मिळतो, असा आमचा अनुभव आहे.

त्या मुलाच्या घरी तीन गाद्यांपैकी दोन निघाल्या. आजी आठ दिवस आमच्यावर रुसली होती. तुरीचे पोते मागच्या खोलीत गेले, दिवाणाचे पोट रिकामे झाले, कूलर बैठकीत आला. मुलाची एकच पातळ गादी, ती दर रविवारी गच्चीवर. खोळी दर आठवड्याला गरम पाण्यात. तो अजून इन्हेलर वापरतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याला त्रास होतोच. पण मागील वर्षी त्याने शाळेचे फक्त चार दिवस बुडविले, पूर्वी महिन्याला तेवढे बुडत. दही आम्ही त्याला परत सुरू केले आहे, दुपारच्या जेवणात.